आरसी रणगाडा किटपासून जोडताना: आधी यंत्र, मग रूप

माझा पहिला रणगाडा मी उलट्या क्रमाने बांधला. टरेट (तोफेचा फिरता बुरूज) आधी जोडला, रंगवला, त्यावर आकडे आणि खुणा चिकटवल्या, आणि त्यानंतर गिअरबॉक्सला हात घातला. पहिल्यांदा रिमोटची कांडी पुढे ढकलली तेव्हा डावा पट्टा पुढे धावला आणि उजवा मागे. वायर बदलण्यासाठी वरचं कवच काढावं लागलं, त्या खटपटीत दोन हुक तुटले आणि तीन आठवडे जपून केलेला रंग कडेने उखडला.

रेडिओवर चालणारा रणगाडा म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन वस्तू आहेत. खाली यंत्र आहे: मोटर, गिअर, पट्टे, वायर. वर मॉडेल आहे: टरेट, झाकणं, अवजारं, रंग. खालचं यंत्र नुसत्या सांगाड्यावर अर्धा तास बिनतक्रार चालेपर्यंत वरच्या भागाची पाकिटं उघडूच नका. पुढच्या पायऱ्यांचा क्रम याच हिशोबाने लावला आहे.

१. कोणता रणगाडा घ्यायचा

या छंदात १/१६ हे माप, म्हणजे खऱ्याच्या सोळावा भाग, सर्वाधिक चालतं. सांगाड्यात दोन मोटर, बॅटरी, स्पीकर आणि कंट्रोल युनिट (रेडिओचा हुकूम मोटरपर्यंत पोचवणारी पेटी) मावतं, आणि तरीही गाडी टेबलावर ठेवता येते. दुसऱ्या महायुद्धातला खरा जर्मन टायगर १ तोफेच्या नळीसकट सुमारे ८.४५ मीटर लांब होता, म्हणजे या मापात साधारण ५३ सेंटिमीटर. काम करायचं टेबल याच्या दुप्पट तरी लांब हवं.

बाजारात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. तामिया या जपानी कंपनीची फुल ऑप्शन किटं खरोखरच सुट्या भागांची असतात. गिअरबॉक्ससकट सगळं आपण जोडायचं. हेंग लाँगसारख्या कंपन्यांच्या गाड्या बहुधा तयार येतात आणि लोक त्या नंतर उघडून सुधारतात. हा लेख पहिल्या प्रकाराबद्दल आहे, पण पट्टे, बॅटरी आणि चालवण्याबद्दलचा भाग दोन्हींना लागू पडतो.

पहिल्याच वेळी टायगर घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. पण त्याची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. सुरुवातीच्या खऱ्या टायगरला एका बाजूला ८ आर्म (चाकं धरणाऱ्या दांड्या) आणि प्रत्येकावर ३, अशी २४ चाकं होती. आतल्या एका आर्मचा स्क्रू सैल झाला की बाहेरच्या चाकांची रांग उतरवावी लागते. अमेरिकन शर्मनला एका बाजूला सहाच चाकं, तीन बोगींवर (दोन-दोन चाकांची जोडी धरणारे भाग), आणि बोगी बाहेरून अख्खी सुटते. पहिल्या गाडीसाठी मी शर्मनच सुचवेन. जीव टायगरवरच जडला असेल तर तोही घ्या, फक्त पाचव्या पायरीला दुप्पट वेळ धरा.

२. काय काय जमवून ठेवायचं

किटवर काय लिहिलंय ते नीट वाचा. ट्रान्समीटर (हातातला रिमोट), रिसीव्हर (गाडीतला त्याचा जोडीदार), बॅटरी, चार्जर आणि रंग बहुतेक वेळा पेटीत नसतात.

- चार चॅनेलचा, दोन कांड्यांचा ट्रान्समीटर आणि त्याचा रिसीव्हर. मोटारगाडीचा पिस्तुलासारखा ट्रान्समीटर इथे उपयोगाचा नाही.
- ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी आणि तिला चालणारा चार्जर. बॅटरीच्या कप्प्याचं माप घेऊन मगच बॅटरी घ्या.
- जपानी जेआयएस टोकाचे प्लस स्क्रू ड्रायव्हर, एक मोठा आणि एक लहान. किट जपानी असेल तर यावर हात आखडता घेऊ नका. नेहमीचं फिलिप्स टोक जपानी स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसत नाही, घसरतं आणि डोकं खाऊन टाकतं.
- प्लास्टिक कापायचा निपर, धारदार सुरी, बारीक कानस, ४०० ते १००० नंबरचा पॉलिश पेपर.
- टोकदार चिमटा, लांब तोंडाची पक्कड, ॲलन की.
- निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव), म्हणजे मध्यम पकडीचा, पुन्हा सोडवता येणारा. लाल नको.
- गिअरचं ग्रीस. पेटीत नळी असते, पण ती पुरेलच असं नाही.
- साध्या प्लास्टिकचा सिमेंट, एबीएसचा वेगळा सिमेंट, सुपरग्लू आणि दोन भागांचं इपॉक्सी.
- मल्टिमीटर. साधाही चालेल.
- झाकणाचे छोटे डबे, निदान दहा.

कागदांपैकी तीन हाताशी हवेत: किटचं जोडणी पत्रक, ट्रान्समीटरची पुस्तिका आणि कंट्रोल युनिटचं सेटिंगचं पान. हे शेवटचं पान जोडणी पत्रकात मागे छापलेलं असतं किंवा सुटं येतं. सुटं असेल तर लगेच फोटो काढून ठेवा, कारण गाडी जोडून झाल्यावर सहा महिन्यांनी त्याचीच गरज पडते.

३. पहिला दिवस फक्त मोजणीचा

जोडणीला सुरुवात करू नका. पत्रक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा आणि जिथे ग्रीस किंवा थ्रेडलॉकरचं चिन्ह आहे तिथे पेन्सिलने गोल करा. स्क्रूची पाकिटं एका वेळी एकच उघडा आणि त्यातला माल डब्यांत वेगळा करा. चांगल्या पत्रकात स्क्रूची चित्रं खऱ्या मापात छापलेली असतात. शंका आली की स्क्रू चित्रावर ठेवून पाहा. ३ × ८ आणि ३ × १० मिलिमीटरचे स्क्रू डोळ्यांना सारखेच दिसतात, पण लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतल्या गिअरला घासतो.

आणखी एक फरक आत्ताच ओळखून घ्या. बारीक, सरळ आट्यांचा मशीन स्क्रू धातूत किंवा नटात जातो. मोठ्या, विरळ आट्यांचा टॅपिंग स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःची वाट कापत जातो. टॅपिंग स्क्रू घट्ट लागल्याचं जाणवलं की तिथेच थांबा. आणखी पाव फेरा दिला की प्लास्टिकचे आटे जातात, आणि मग तो स्क्रू नुसता गरागरा फिरत राहतो.

प्लास्टिकचे भाग चौकटीतून हाताने पिरगाळून तोडू नका. निपरने थोडं लांबून कापा, मग उरलेला कोंब सुरीने आणि कानशीने काढा. जिथे भागावर भाग बसतो तिथे कोंब राहिला तर सगळा सांगाडा तिरका होतो.

४. गिअरबॉक्स: इथे घाई नको

दोन गिअरबॉक्स असतात, डावा आणि उजवा, एकमेकांची आरशातली प्रतिमा. दोन्ही एकाच वेळी, शेजारी शेजारी ठेवून जोडा. एकाचा एक टप्पा झाला की दुसऱ्याचा तोच टप्पा. मी एक पूर्ण करून मग दुसरा घेतला होता, आणि दोन डावे गिअरबॉक्स तयार झाले.

मोटरच्या दांड्याला एक बाजू चपटी असते. पिनियनचा (दांड्यावरच्या छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, बरोबर त्या चपट्या बाजूवर बसला पाहिजे. गोल बाजूवर बसवला तर सुरुवातीला चालतो, मग चढावर पिनियन घसरतो आणि एक पट्टा मध्येच थांबतो. इथे थ्रेडलॉकरचा एक छोटा थेंब द्या. आधी दांडा आणि स्क्रू स्पिरिटने पुसा. तेलकट धातूवर थ्रेडलॉकर धरत नाही.

थ्रेडलॉकर फक्त धातूला धातू भिडतो तिथेच वापरायचा. तो एबीएससारख्या प्लास्टिकवर ओघळला तर प्लास्टिक ठिसूळ होतं आणि काही दिवसांनी स्क्रूभोवती केसासारखे तडे जातात. बाटलीतून थेट ओतू नका. टूथपिकच्या टोकावर घेऊन लावा.

मोटर मागे-पुढे सरकवून बसवायची सोय असेल तर पिनियन आणि मोठ्या गिअरमध्ये पातळ कागदाची पट्टी घाला, मोटर गिअरवर दाबून स्क्रू आवळा आणि कागद फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दात उमटले पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. दात एकमेकांत रुतलेले असतील तर मोटर तापते. फार सुटे असतील तर दात झिजतात आणि आवाज कर्कश होतो.

ग्रीस दातांवर पातळ लावा. डबा भरून ग्रीस घातल्याने गिअर जास्त टिकत नाहीत, उलट मोटरवर भार येतो. बेअरिंगची जागा मात्र कोरडी ठेवू नका. किटमध्ये प्लास्टिकचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या साध्या कड्या) असतील आणि बॉल बेअरिंग मिळत असतील तर ती आत्ताच घाला. नंतर घालायची म्हणजे सगळं उघडणं आलं.

झाकण लावल्यावर बाहेरचा दांडा हाताने फिरवा. मोटर जोडलेली असल्याने थोडा जोर लागेल, पण पूर्ण फेरीत तो सारखाच जाणवला पाहिजे. एका ठरावीक ठिकाणी अडकल्यासारखं वाटलं तर कुठला तरी दांडा तिरका आहे किंवा दातावर प्लास्टिकचा कोंब आहे. उघडा, शोधा. चालवून चालवून तो आपोआप झिजेल या आशेवर राहू नका.

मग प्रत्येक गिअरबॉक्स बॅटरीला थेट जोडून पुढे पाच मिनिटं आणि मागे पाच मिनिटं रिकामा चालवा. दोन्हींचा आवाज एकसारखा येईपर्यंत पुढची पायरी नाही.

मोटरच्या टोकांवर छोटे कॅपेसिटर लावलेले आहेत ना, तेही बघून घ्या. नसतील तर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कॅपेसिटर सोल्डर करा: एक दोन टोकांमध्ये, आणि एकेक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगाला. ते नसले की मोटरच्या ठिणग्यांचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत पोचतो आणि टरेट आपोआप थरथरू लागतो.

५. सांगाडा आणि चाकं

टॉर्शन बारचे (पिळातून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांचे) आर्म बसवताना सगळे आर्म एकाच कोनात आहेत का ते सपाट काचेवर सांगाडा ठेवून पाहा. प्रत्येक चाक काचेला टेकलं पाहिजे. चाकं बोटाने फिरवली की मोकळी फिरावीत. नट इतकेच आवळा की चाक डुलणार नाही. ज्या चाकांना रबराची धाव आहे त्यांच्या आसावर तेल घालताना ते रबरावर जाऊ देऊ नका.

६. पट्टे

मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी अर्धे पट्ट्यांबद्दलचे असतात, आणि खरं घोडं इथेच पेंड खातं.

कडी आणि पिन असे सुटे पट्टे असतील तर आधी दिशा ठरवा. पत्रकात कडीचं तोंड कुठे हवं ते चित्रात दिलेलं असतं. दोन्ही पट्टे सारखेच जोडून चालतं का, की डावा-उजवा वेगळा आहे, हेही तिथेच कळतं. पाच-सहा कड्या जोडून त्या स्प्रॉकेटवर (पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकावर) बसवून पाहा, मगच पुढे जा. दोन्ही बाजूंना कड्या मोजून सारख्या ठेवा; एक कडी कमी-जास्त झाली तरी गाडी एका बाजूला ओढते.

ताण आयडलरच्या चाकाने (पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाच्या, मोकळ्या फिरणाऱ्या चाकाने) बसवायचा. फार घट्ट पट्टा छान ताठ दिसतो, पण मोटर तापते, बॅटरी लवकर संपते आणि स्प्रॉकेटचा दांडा वाकतो. फार सैल पट्टा वळताना उतरतो. टायगरसारख्या, वरचे रोलर नसलेल्या गाडीत पट्ट्याने वरच्या बाजूला थोडं झुकून पहिल्या काही चाकांवर टेकायला हवं. खऱ्या गाडीच्या फोटोतही तो असाच दिसतो. शर्मनसारख्या रोलर असलेल्या गाडीत झुकाव बराच कमी असतो.

पट्टा नेमका कधी उतरतो हे समजून घेतलं तर निम्मा त्रास वाचतो. स्प्रॉकेटमध्ये शिरणारा भाग नेहमी ताणलेला असतो आणि स्प्रॉकेटमधून बाहेर पडणारा सैल. टायगर, शर्मन यांचं स्प्रॉकेट पुढे आहे. पुढे जाताना वरचा भाग ताणलेला असतो आणि सगळं ठीक राहतं. गाडी मागे घेतली की ढिलाई वरच्या भागात जमते, आणि त्याच वेळी वळवलं तर पट्टा बाजूला सरकून दातांवरून निघतो. लेपर्ड २, टी-३४, पर्शिंग यांचं स्प्रॉकेट मागे असतं, त्यामुळे त्यांत हे उलटं घडतं. म्हणून ताण बसवल्यावर चाचणी घ्यायची ती पुढे स्प्रॉकेट असेल तर मागे घेत वळवून, मागे असेल तर पुढे जाताना वळवून.

नवे पट्टे पहिल्या तासाभरात थोडे लांबतात. एक-दोनदा ताण पुन्हा बघावा लागणार हे धरून चाला.

७. रेडिओ आणि वायर

रणगाड्याला चारही दिशांना सोडल्यावर मधोमध परत येणाऱ्या कांड्या लागतात. विमानासाठी बनवलेल्या ट्रान्समीटरची थ्रॉटलची कांडी परत येत नाही, जिथे सोडली तिथेच राहते. तो वापरायचा असेल तर आत स्प्रिंग बसवून घ्या. नाहीतर हात सुटला तरी गाडी चालतच राहील.

वायर जोडण्याआधी चारही ट्रिम (कांड्यांचा मध्य बारीक हलवण्याची बटणं) मध्यावर आणा. मग कंट्रोल युनिटच्या पानाप्रमाणे प्रत्येक वायर रिसीव्हरच्या त्याच क्रमांकाच्या खाचेत घाला आणि दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. बरीच कंट्रोल युनिट रिसीव्हरला स्वतःच वीज देतात. तशी सोय असेल तर रिसीव्हरला वेगळी बॅटरी जोडायची नाही.

२.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरची अँटेना छोटी असते. ती धातूच्या गिअरबॉक्सला किंवा मोटरच्या वायरींना चिकटवून ठेवू नका, वरच्या बाजूला मोकळी राहू द्या.

टरेटमध्ये जाणाऱ्या वायरींना सैल वळसा हवा. टरेट दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरवून बघा. कुठेही वायर ताणली जाता कामा नये आणि कड्याच्या दातांत सापडता कामा नये. माझी एक वायर अशीच चिरडली. तोफेचा झटका मध्येच बंद पडायचा आणि कारण सापडायला दोन संध्याकाळी गेल्या.

८. बॅटरी

सुरुवातीला निकेल मेटल हायड्राइडच वापरा. ती चुका सहन करते. लिथियम पॉलिमर हलकी असते आणि जास्त वेळ चालते, पण तिचे नियम कडक आहेत. दोन सेलची बॅटरी नाममात्र ७.४ व्होल्टची असते, पूर्ण भरल्यावर ८.४ होते, आणि प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा खराब होऊ शकतो. कमी व्होल्टेजला आपोआप बंद होण्याची सोय प्रत्येक कंट्रोल युनिटमध्ये नसते. ती नसेल तर सेलला लावायचा छोटा अलार्म घ्या आणि ३.५ व्होल्टला वाजेल असा ठेवा. लिथियमसाठी तिचाच बॅलन्स चार्जर लागतो. चार्जिंग न जळणाऱ्या पृष्ठभागावर, डोळ्यांसमोर करा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. बरेच दिवस ठेवायची असेल तर सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवा.

९. पहिली चाचणी, कवचाशिवाय

सांगाडा एखाद्या खोक्यावर असा ठेवा की पट्टे हवेत राहतील. आधी ट्रान्समीटर चालू करा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. हा क्रम कायमचा अंगवळणी पाडा.

कांडी अगदी थोडी पुढे. दोन्ही पट्टे पुढे फिरले पाहिजेत. एक उलटा फिरला तर त्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. दोन्ही उलटे फिरले तर ट्रान्समीटरवर चॅनेल उलटा करायची सोय असते. वळण उलट पडत असेल तर तेच वळणाच्या चॅनेलवर.

मग जमिनीवर. गाडी सरळ जात नसेल तर ट्रिमला लगेच हात लावू नका. आधी पट्ट्यांचा ताण, मग चाकं, मग गिअरबॉक्स हाताने फिरवून पाहा. यंत्रात दोष असताना ट्रिमने झाकला तर गाडी पुढे जाताना सरळ जाते आणि मागे येताना तिरकी. सगळं सारखं असूनही थोडी ओढत असेल तरच ट्रिम.

दहा मिनिटं चालवा, थांबा, मोटरवर बोट ठेवा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर कुठेतरी अडथळा आहे. एक मोटर दुसरीपेक्षा बरीच जास्त तापली असेल तर त्याच बाजूला शोधा.

१०. वरचं कवच आणि टरेट

आता कुठे पाकिटं उघडा. इथे चिकटवण्याचा एकच मोठा धोका आहे: कोणतं प्लास्टिक कशाने चिकटतं हे न बघणं. चौकटीवर सामग्रीचं नाव छापलेलं असतं. साध्या पॉलिस्टायरीनला साधा सिमेंट, एबीएसला एबीएसचा सिमेंट. नायलॉनचे भाग कोणत्याच सिमेंटला दाद देत नाहीत, ते स्क्रूनेच बसवायचे. धातूला इपॉक्सी. सुपरग्लू बंद जागेत वापरला की आजूबाजूला पांढरी वाफ बसते, म्हणून पारदर्शक भागांजवळ तो नको.

बॅटरीचं झाकण, कवचाचे स्क्रू आणि स्विच यांच्या वाटेत काहीही चिकटवू नका. अवजारं, दोर, हुक असे नाजूक भाग रंगाच्या आधी लावायचे की नंतर, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. मी फावडी-कुऱ्हाडी वेगळ्या रंगवून शेवटी लावतो.

११. रंग

रंगाआधी तारीख ठरवा. टायगर १ ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात बनला आणि त्या दोन वर्षांत तो खूप बदलला. गडद पिवळा हा जर्मन गाड्यांचा मूळ रंग फेब्रुवारी १९४३ पासून आला. त्याआधीची गाडी राखाडी, वाळवंटातली वेगळी. चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून लावायचा झिमरिटचा खरबरीत थर १९४३ च्या उत्तरार्धात सुरू झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये थांबला. पोलादी कडांची चाकं १९४४ च्या सुरुवातीला आली. रबरी चाकांच्या सुरुवातीच्या किटवर १९४४ चा रंग आणि खुणा चढवल्या तर जाणत्याला लगेच खटकतं. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला टायगर १३१ इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात चालू स्थितीत आहे. त्याचे फोटो भरपूर मिळतात आणि सुरुवातीच्या गाडीसाठी तेच उत्तम.

कवच भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मग प्रायमर. धातूच्या भागांना प्रायमर नाही दिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. स्प्रे २० ते ३० सेंटिमीटरवरून, पातळ हात, एकाऐवजी तीन.

एनॅमल रंग आणि त्याचं थिनर एबीएसवर, विशेषतः ताणाखालच्या भागांवर, वापरू नका. सस्पेन्शनचे आर्म, स्क्रूने आवळलेल्या जागा इथे थिनर झिरपलं की प्लास्टिक तडकतं, तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. मळकट छटा देण्यासाठी पातळ एनॅमलचा वॉश सगळे सुचवतात. तो कवचावर, ॲक्रिलिक रंग आणि वार्निशच्या थरावरच द्या. चाकांना आणि सांगाड्याला मी ॲक्रिलिकनेच मळवतो. पट्ट्यांवर जाड रंग नको, पहिल्याच फेरीत निघून सांध्यांत जातो.

१२. चालवताना

खरा टायगर रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जायचा. १६ ने भागलं तर अडीच किलोमीटर, म्हणजे आपल्या चालण्याच्या निम्मा वेग. कांडी पूर्ण ढकलून गाडी पळवली की ती खेळणं दिसते. हळू सोडली की वजनदार दिसते. टायगर जागच्या जागी गरकन फिरू शकत असे, शर्मनला ते जमत नसे, त्यामुळे कंट्रोल युनिटमध्ये तो पर्याय असला तरी शर्मनसाठी मी तो बंद ठेवतो.

गालिचा टाळा. तंतू स्प्रॉकेटच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि गिअरबॉक्समध्ये शिरतात. कोरडी माती, बारीक गवत, फरशी चालेल. वाळू आणि पाणी नको. फिरवून आणल्यावर पट्टे कोरड्या ब्रशने झाडा, पिना बाहेर सरकल्या आहेत का ते बोटाने चाचपा, आणि बॅटरी गाडीतून काढून ठेवा. पाच-सहा तास चालल्यावर गिअरबॉक्स एकदा उघडा, काळं पडलेलं ग्रीस पुसून नवं लावा आणि पिनियनचा ग्रब स्क्रू जागेवर आहे ना ते बघा. उरलेल्या कड्या आणि पिना एका डब्यात घालून त्यावर गाडीचं नाव लिहा.